अंगणातील फळझाड आणि रानफूल

गृहस्थाश्रमी मनुष्यापुढे धर्माचे प्रश्न बहुधा मोठ्या रूपाने उभे राहत नाहीत. कुरुक्षेत्रावर अर्जुनापुढे जो प्रसंग आला तो सर्वांच्या वाट्यास येत नाही. परंतु ‘यातून मला काय मिळणार?’ हा प्रश्न मात्र प्रत्येकाच्या दारी रोज येतो, आणि तो इतक्या साध्या वेषाने येतो की त्याचा धर्माधर्माशी काही संबंध असेल अशी शंकाही मनास शिवत नाही. अंगणात काय लावावे, हा असाच एक साधा प्रश्न आहे.

बंगळूर नगरात घर बांधणाऱ्या मध्यम स्थितीतील गृहस्थास तो फार जवळून परिचित आहे. तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब असा भूखंड हे तेथे घराच्या जागेचे रूढ माप होऊन बसले आहे. बाराशे चौरस फुटांच्या त्या तुकड्यावर घर, जिना, पाण्याची टाकी आणि वाहन ठेवण्याची जागा एवढे झाले, म्हणजे माती म्हणून जी उरते ती चार पावलांची. तीत खड्डा खणावयाचा तर एकच खणता येईल. अशा घरी पुढील बोलणे होणे मुळीच अशक्य नाही. कर्ता पुरुष म्हणतो, येथे आंब्याचे कलम लावावे, निदान पपनस तरी लावावे. पाचसहा वर्षांत घरचे फळ मिळेल. वृद्ध माता म्हणते, ती माती तशीच राहू द्या. पावसानंतर तेथे तुंब्याची फुले येतात, ती सोमवारी महादेवाला वाहता येतात. यावर नातू हसतो आणि म्हणतो, “आजी, ते फूल नव्हे, तण आहे. आपण ते लावलेलेसुद्धा नाही.”

नातवाचे म्हणणे वस्तुस्थितीस धरून आहे. तुंबा कोणी लावीत नाही. कन्नड भाषेत तिला तुंबे म्हणतात. महाराष्ट्रात तुंबा, कुंभा, द्रोणपुष्पी अशा नावांनी या जातकुळीतील वनस्पती ओळखल्या जातात. हातभर उंचीचे झुडूप, पेरांभोवती गोल गुच्छ, आणि त्या गुच्छांतून बाहेर डोकावणारी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी पांढरीशुभ्र फुले, असे तिचे रूप. शेताच्या बांधावर, पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेस ती आपोआप येते. फुलास सुगंध म्हणावा असा नाही. माळेत ओवण्याजोगा देठ नाही. फुलदाणीत ती दुपारपर्यंतही टिकत नाही. तरीदेखील दक्षिणेकडे शिवपूजेत तिचा मान मोठा आहे, आणि महाशिवरात्रीच्या सुमारास बंगळूरच्या कृष्णराजेंद्र बाजारात मोगरा-शेवंतीच्या राशींशेजारी या मूठभर पांढऱ्या फुलांनाही गिऱ्हाईक असते. केरळात ओणमच्या दिवसांत अंगणातील पुष्परचनेत तुंबा असावीच लागते. प्राचीन तमिळ काव्यशास्त्रात तर युद्धाच्या निरनिराळ्या अवस्थांना फुलांची नावे दिलेली आहेत, आणि दोन्ही सैन्ये समोरासमोर भिडतात त्या अवस्थेचे नाव तुंबै असे आहे. त्या लढाईस जाणारे वीर ही फुले धारण करीत. ज्या फुलाची किंमत बाजारात जवळजवळ शून्य, ते फूल मनुष्याने मरणाच्या सामोरे जाताना अंगावर घ्यावे, ही गोष्ट सहज ओलांडून जाण्यासारखी नाही.

महाराष्ट्रातील वाचकास याचे नवल वाटू नये. भाद्रपदात अनेक घरी ज्येष्ठा गौरी येतात त्या तेरड्याच्या रोपांच्या रूपाने. ओढ्याकाठचा, माळावरचा तेरडा मुळांसकट उपटून आणावयाचा, त्या मुळांनाच गौरीची पावले मानावयाचे, आणि त्यास माहेरवाशिणीच्या मानाने घरात घ्यावयाचे. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे हिणवणारी म्हण ज्या भाषेत आहे, त्याच भाषेतील माणसे तीन दिवस त्याच्यापुढे हात जोडून उभी राहतात.

तेव्हा माता निराधार बोलत आहे असे नाही. पण म्हणून कर्त्या पुरुषाचे म्हणणे हलके ठरते काय? मुळीच नाही. आणि येथे भाविक लोकांकडून एक घाई होण्याचा संभव असतो, तिचा आधी विचार केला पाहिजे.

ती घाई अशी. श्रीमद्भगवद्गीतेने फळाची आसक्ती सोडण्यास सांगितले आहे. फळझाड लावणारा फळाच्या आशेने लावतो. रानफुलाकडून कोणास काही मिळावयाचे नाही. म्हणून रानफूल हे निष्काम आणि फळझाड हे सकाम, असा निवाडा काही जण देऊन मोकळे होतात. हा निवाडा दिसण्यास सुबक आहे, पण खोटा आहे. गीतेने कर्माचे फळ उत्पन्नच होऊ देऊ नये असे कोठेही सांगितलेले नाही. फळावरचा हक्क सोडावा, एवढेच तिचे सांगणे आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला, तो मुख्यत्वे हीच समजूत दूर करण्यासाठी. नऊ महिने राबून शेतकऱ्याने पीक घेऊ नये, असे म्हणणारा धर्म जगाच्या पोटावर पाय देईल. जो स्वतःपुरतेच शिजवतो तो पापच खातो, असा तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकाचा आशय आहे. शिजवूच नये, असा नाही. आणि नवव्या अध्यायात भक्ताने भक्तीने अर्पण केलेल्या ज्या चार वस्तूंचा भगवंतांनी उल्लेख केला आहे, त्या पान, फूल, फळ आणि पाणी अशा आहेत. फूल आणि फळ तेथे शेजारी शेजारी आले आहेत. एकाची दुसऱ्याशी तुलना केलेली नाही.

शिवाय फळझाड लावणे हे एका अर्थी गृहस्थाचे सर्वात निःस्वार्थ कृत्य आहे. बाठीपासून वाढविलेला आंबा किंवा फणस जो लावतो, त्याला त्याची पहिली भरघोस फळे मिळतीलच याची खात्री नसते. साठी उलटलेला मनुष्य फणसाची आठळी मातीत पुरतो तेव्हा तो स्वतःसाठी काही करीत नसतो. मराठ्यांच्या राज्यकारभाराविषयी रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी जे आज्ञापत्र लिहिले, त्यात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी एक प्रकरण आहे. आंबा-फणसाची झाडेही जहाजांच्या कामास उपयोगी आहेत, हे मान्य करूनही तेथे त्यांस हात लावू नये असे बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती मुलांप्रमाणे बहुत काळ जतन करून वाढविलेली असतात, आणि ती तुटल्यावर तिच्या दुःखास पार राहत नाही. झाड फारच जीर्ण झालेले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मग तोडावे. राज्याची गरज एका पारड्यात आणि एका कुणब्याचे दुःख दुसऱ्या पारड्यात, असा हा विचार आहे, आणि तो राज्यकर्त्याने केलेला आहे. फळझाडाविषयी याहून मोठी गोष्ट क्वचितच सांगता येईल.

बंगळूरच्या परिसरातही असे प्रेमाचे झाड आहे. नगराच्या उत्तरेस देवनहळ्ळी नावाचे गाव आहे. टिपू सुलतानाचा जन्म तेथला. अलीकडे ते विमानतळाच्या शेजारचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथील पपनस, ज्यास कन्नडमध्ये चक्कोता म्हणतात, रंगाने व चवीने इतके वेगळे की त्यास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हे झाड मोठ्या बागांपेक्षा घरांच्या परसांत, विहिरीजवळ वाढत आले. ज्याच्या परसात पपनस धरले त्याच्या शेजाऱ्यांच्या घरीही पपनस पोचले, असाच परसातील फळाचा व्यवहार असतो. एवढे मोठे फळ एका घरात संपत नाही. निसर्गानेच येथे गृहस्थास वाटून खाण्यास भाग पाडले आहे.

मग तक्रार कशाची? तक्रार फळाची नाही, फळ हे एकमेव माप होण्याची आहे.

आंब्याला मोहोर येतो तेव्हा एका झाडावर फुले किती असतात, याची मोजदाद सामान्य मनुष्याने करू नये. आणि त्या फुलांतून पक्व फळ किती होतात, तर हजारांत एखादे. बाकीचा सगळा मोहोर गळून मातीत जातो. म्हणजे आपण ज्यास फळझाड म्हणतो ते स्वतःच्या हिशेबाने प्रामुख्याने फुलांचे झाड आहे. फळझाड हे नाव मनुष्याने आपल्या बाजूने ठेवलेले आहे. नाव ठेवण्यात दोष नाही. पण ज्या वर्षी झाड फळत नाही त्या वर्षी धन्याची दृष्टी कशी बदलते ते पाहावे. पहिले वर्ष तो वाट पाहतो. दुसऱ्या वर्षी खत घालतो. तिसऱ्या वर्षी कोणीतरी सांगते म्हणून खोडावर कोयत्याचे घाव घालतो. चौथ्या वर्षी, जागा अडविणारे झाड ठेवून काय करावयाचे, असे बोलणे घरात सुरू होते. आणि त्या झाडास जे विशेषण लावले जाते ते ‘वांझ’ असते.

हा शब्द कोठून आला आणि आणखी कोणास लावला जातो, हे वाचकांस सांगावयास नको. अंगणातल्या झाडासाठी आणि घरातल्या सुनेसाठी एकच शब्द वापरणारी भाषा निष्पाप नाही. ज्या घरात हा शब्द झाडाविषयी मोठ्याने उच्चारला जातो, त्या घरात एखादी स्त्री तो ऐकत स्वयंपाकघरात मान खाली घालून बसलेली असू शकते. तिने पंधरा वर्षे त्या घरच्या चुली सांभाळल्या, सासूचे आजारपण काढले, दिरांची मुले वाढविली. तथापि फळ या एका मापाने ती मोजली गेली आणि त्या मापात ती उणी पडली. मापास तिचे बाकीचे काही दिसत नाही, कारण मापाचा स्वभावच तो आहे. शेराने दूध मोजता येते, चांदणे मोजता येत नाही. आणि तिचे चांदणे कोणास दिसले असते तरी तिचा अधिकार तेवढ्यावर अवलंबून असावयास नको होता. ती त्या घरची आहे, एवढे पुरे असावयास हवे होते.

सून हे एक उदाहरण झाले. निवृत्त झालेले वडील, ज्यांच्या निवृत्तिवेतनाचा आकडा सर्वांना पाठ असतो पण ज्यांचे बोलणे ऐकण्यास कोणी थांबत नाही. कमावता न येणारा भाऊ. जन्मतःच बुद्धीने मंद असलेले मूल. आणि जिला तुंब्याची फुले हवी आहेत ती आजी स्वतः. तीन बाय चार हात मातीविषयीच्या चर्चेत ती जेव्हा म्हणते की ती माती तशीच राहू द्या, तेव्हा ती केवळ फुलांविषयी बोलत असेल असे धरून चालणाऱ्या मनुष्याने घरातील माणसांचे बोलणे लक्ष देऊन ऐकण्याचा सराव केलेला नाही. ज्या घराने जमिनीच्या प्रत्येक फुटास ‘तू काय देतोस?’ असे विचारण्याचे वळण लावून घेतले, ते घर हाच प्रश्न माणसांना विचारू लागण्यास फार वेळ लागत नाही. वळण हे वळणच असते. ते उंबऱ्याबाहेर ठेवून आत येता येत नाही.

येथे रानफुलाचा कैवार घेणारे काही सुशिक्षित लोक पुढे सरसावतात आणि म्हणतात, तुंबा निरुपयोगी आहे असे कोणी सांगितले? तिच्या फुलांत मध असतो. मधमाश्या, फुलपाखरे, मुंग्या तिच्यावर येतात. आंब्याचा मोहोर वर्षातून काही आठवडे. एरवी परागीकरण करणाऱ्या या जीवांनी जगावे कशावर? ते तुंब्यासारख्या तणांवर जगतात, आणि म्हणून मोहोराच्या वेळी आंब्याच्या कामी येतात. शिवाय सर्दी-पडशावर आणि किड्याच्या दंशावर तिच्या पाल्याचा उपयोग खेड्यांतील लोक करीत आले आहेत. हे सर्व खरे आहे, आणि ज्यास शेतीबागेची आवड आहे त्याने ते अवश्य जाणून घ्यावे. परंतु हा युक्तिवाद वाण्याच्या दुकानात बसून केलेला आहे. रानफूल ठेवावे, कारण ते फळझाडाच्या उपयोगी पडते, असे म्हटल्याबरोबर फळ हेच माप खरे, असे आपण मान्य करून टाकतो. उद्या कोणी सिद्ध केले की मधमाश्यांवाचूनही आंबा धरतो, तर तुंबा उपटावयास हरकत नाही काय? आजीला सांभाळावे, कारण ती नातवंडे सांभाळते, असे म्हणणारा मनुष्य आजीच्या बाजूने बोलत आहे असे दिसते. नातवंडे मोठी झाल्यावर तो काय म्हणेल?

बंगळूर नगराचा स्वतःचा इतिहास या बाबतीत मोठा बोलका आहे. तेथील प्रसिद्ध लालबाग उद्यानाचा आरंभ हैदरअलीने १७६० मध्ये केला आणि टिपूने देशोदेशींची झाडे आणून ते वाढविले. पुढे या उद्यानाच्या कारभारावर क्रुम्बिगल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ आले. ते १८९३ मध्ये प्रथम आपल्या बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत दाखल झाले होते, आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेले. वर्षाच्या प्रत्येक ऋतूत रस्त्यावरचे कोणते ना कोणते झाड फुललेले असावे, अशी योजना त्यांनी केली. गुलमोहर, जॅकरंडा, टॅबेबुया यांच्या बहरासाठी ते नगर आज नावाजले जाते, त्याच्या मुळाशी त्यांची ही दृष्टी आहे. १९५६ मध्ये बंगळुरातच त्यांचा देह पडला. त्यांच्या नंतरच्या पिढीत डॉ. मरिगौडा झाले. कोरडवाहू शेतकऱ्याने फळझाडे लावावी, त्यास दुष्काळातही काही हाती यावे, या ध्यासाने त्यांनी राज्यभर रोपवाटिका व फळबागा उभ्या केल्या. एकाने नगरास फूल दिले, दुसऱ्याने खेड्यास फळ दिले. दोघेही थोर. मात्र दोघांनीही जे दिले ते लावून दिले. तुंबा यांपैकी कोणाच्याच यादीत बसत नाही, कारण ती लावावी लागत नाही. किंबहुना जी वाफा करून, बी पेरून, खत घालून ओळीत वाढविली ती रानफूल उरतच नाही.

फळझाड आणि रानफूल यांतील खरा भेद हा आहे. एक काही दिल्याने मिळते; दुसरे काही न केल्याने मिळते. फळझाडासाठी गृहस्थाने खड्डा खणावा लागतो, पाणी घालावे लागते, राखण करावी लागते. रानफुलासाठी त्याने एवढेच करावयाचे असते की माती उघडी ठेवावयाची आणि खुरपे आवरावयाचे. करण्याचा धर्म आपल्या लोकांस चांगला कळतो. दान करावे, व्रत करावे, झाडे लावावी. लावलेल्या झाडाशेजारी पाटीही उभी करता येते. पण न करण्याचाही एक धर्म आहे, आणि त्याची पाटी लावता येत नाही. कर्म म्हणजे काय, विकर्म म्हणजे काय, अकर्म म्हणजे काय, हे तिन्ही जाणून घेतले पाहिजे, असे चौथ्या अध्यायात भगवंत सांगतात, आणि लगेच पुढच्या श्लोकात कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणारा तो बुद्धिमान, असे म्हणतात. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरून घेतली, त्यांत विकर्माचा अर्थ कर्मास जोडलेले मनाचे विशेष कर्म असा केला आहे. त्या अर्थाने पाहिले तर तुंबा उपटण्यासाठी वाकलेला हात मागे घेणे हे बाहेरून काहीच न करणे आहे, परंतु आत त्यात मोठे कर्म घडलेले असते. ‘ही माझी जमीन आहे, येथे माझ्या आज्ञेवाचून काही उगवणार नाही’ हा अहंकार त्या एका क्षणापुरता खाली ठेवावा लागतो. दान देताना हा अहंकार वाढूही शकतो. राहू देताना त्यास वाढावयास जागा मिळत नाही.

याच नगरात मल्लेश्वरम् नावाचा जुना विभाग आहे. त्याचे नाव तेथील काडुमल्लेश्वराच्या देवळावरून पडले. काडु म्हणजे रान; रानातला मल्लेश्वर. शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजीराजे यांनी १६६९ मध्ये या देवास एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे, त्यामुळे मराठी मनुष्यास हे स्थान परके वाटत नाही. तेव्हा तेथे खरोखरच रान होते. १८९० नंतरच्या दशकात तेथे नगर वसविले गेले. चाफ्याच्या झाडांवरून एका रस्त्यास संपिगे रस्ता आणि कडुनिंबावरून दुसऱ्यास मार्गोसा रस्ता अशी नावे पडली, आणि घरांच्या आवारात आंबा, फणस, नारळ उभे राहिले. रान गेले, परंतु देवाच्या नावातून ते काढण्याचे धाडस कोणी केले नाही. ज्या देवास रानाचा म्हणून हाक मारावयाची, त्यास वाहण्याचे फूल उगवण्यापुरतीही माती नगरात शिल्लक ठेवावयाची नाही, आणि शिवरात्रीस ते फूल शहराबाहेरच्या शेतांतून आणवून विकत घ्यावयाचे, यात काही विसंगती आहे असे कोणास वाटत नाही. तीही शेते आता भूखंड पाडून विकली जात आहेत.

हीच विसंगती आपल्याकडेही आहे. सातारच्या कास पठारावरील रानफुले पाहण्यास लोक शेकडो मैलांवरून येतात. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये त्या पठारास जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हापासून तर गर्दी आवरणे कठीण झाले. तिकीट काढून जी फुले पाहावयाची, त्यांचीच भावंडे घरच्या अंगणात उगवली तर त्यांवर फरशी बसवावयाची!

या विचारावर एक आक्षेप येतो, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. जे आपोआप उगवते ते सर्व राहू द्यावयाचे काय? १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात अमेरिका खंडातून आलेल्या एका तणाची नोंद झाली. तेच गाजरगवत, लोक त्यास काँग्रेस गवतही म्हणतात. तेही पांढरे, तेही न लावता येणारे, तेही पडीक जमिनीत फोफावणारे. त्याच्या संसर्गाने अंगावर खाज व चट्टे उठतात, श्वासाचे विकार बळावतात, आणि ते जेथे पसरते तेथे दुसऱ्या वनस्पतीस वाव देत नाही. बंगळुरात त्याने इतका उच्छाद मांडला की त्याची पाने खाणारे भुंगे मेक्सिकोहून आणवून १९८४ मध्ये तेथे सोडावे लागले. तेव्हा रानातून आले म्हणून पवित्र, असे म्हणून भागत नाही. गाजरगवत फुलण्यापूर्वी मुळासकट उपटलेच पाहिजे, आणि तेही हातांस काही बांधून. तुंबा आणि गाजरगवत यांची कोवळी रोपे शेजारी शेजारी उगवली असता त्यांतील कोणते कोणते, हे ज्यास ओळखता येत नाही त्याने ‘मी राहू देतो’ असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याने आधी खाली वाकून पाहण्यास शिकले पाहिजे. बहुधा ही ओळख घरात एकट्या आजीस असते.

तसेच, कंटाळ्यामुळे अंगणाकडे न पाहणारा आणि जाणून राहू देणारा, हे दोघे दुरून सारखेच दिसतात. शरीरास कष्ट पडतील या भीतीने जो कर्तव्य सोडतो त्यास त्यागाचे फळ मिळत नाही, असे अठराव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. पहिल्याच्या अंगणात फुटक्या कुंड्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि साचलेल्या पाण्यातले डास असतात. दुसऱ्याचे अंगण झाडलेले असते. फक्त एक कोपरा झाडणाऱ्याने वळसा घालून सोडलेला असतो. मुलांच्या बाबतीतही हा फरक करावा लागतो, हे अनुभवी आईबापांस माहीत आहे. मुलास सोडून देणे वेगळे आणि त्याच्यावर नजर ठेवून त्यास त्याच्या वाढीने वाढू देणे वेगळे. दुसरे पहिल्याहून कितीतरी अवघड आहे. बुद्धी चालते, हात शिवशिवतात, आणि तरीही गप्प बसावयाचे असते.

राहिला तो तीस-चाळिसाच्या भूखंडावरील एका खड्ड्याचा प्रश्न. खड्डा आंब्यास द्यावा, यात वाद करण्याचे कारण नाही. मुलांना घरचा आंबा मिळावा ही इच्छा हीन नाही. शेजाऱ्याकडे पाच फळे पोचावी, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. पण खड्ड्याभोवती कितपत मातीस फरशीपासून वाचवावयाचे, हे घर बांधतानाच ठरवावे लागते, कारण एकदा गवंड्याने काँक्रीट ओतले की पुढची तीस वर्षे हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कलमाच्या बुंध्यास टेकूनच फरशी आणली तर आंबाही घुसमटतो आणि तुंबाही येत नाही. दोन हातांचे आळे मोकळे ठेवले तर दोघांचेही भागते. मात्र पहिली दोनतीन वर्षे कलम कोवळे असताना आळ्यातले सगळेच तण काढावे लागेल, नाही तर त्याच्या वाट्याचे पाणी जाईल. तेवढा काळ आजीने थांबावे, किंवा भिंतीकडेची वीतभर माती तिला तोवर स्वतंत्र द्यावी. ही दुसरी सोय अधिक बरी, कारण आजीच्या वयाच्या माणसास दोनतीन वर्षे थांबा असे सांगणे सोपे नसते.

मग एखाद्या पावसाळ्यात आळ्यामध्ये ती पांढरी फुले येतात. घरच्यांनी ठरविले असले तरी महिन्यातून एकदा येणाऱ्या माळ्यास ते ठाऊक नसते. त्यास दर वेळी दारातच सांगून ठेवावे लागते; नाही तर तो खुरपे घेऊन बसतो, पाच मिनिटांत सगळे साफ करतो, आणि हात झटकून वर पाहत विचारतो की आणखी कोठले तण काढावयाचे आहे.